बोरीच्या पुलापलीकडं

(दृश्य: सोलापूर–नळदुर्ग रस्ता, सकाळची वेळ. एसटीच्या खिडकीतून.)

सोलापुरातून एसटी सुटली की तासाभरात नळदुर्ग येतं. किल्ला, बोरी नदी आणि पूल. कंडक्टरचा तिकिटांचा हिशेब जुळायच्या आत गाडी पुढं निघालेली असते.

15 ऑगस्ट 1947ला एवढंच अंतर तोडता येत नव्हतं. सोलापुरात तिरंगा चढला, पेढे वाटले. नळदुर्गात हैदराबादच्या निजामाचंच राज्य होतं.

सरहद्द नुसती नकाशावरची नव्हती. नाक्यावर करोडगिरीवाले, म्हणजे जकातीची माणसं, गाठोडी सोडून बघायचे. तिकडं इंग्रजी रुपया, इकडं निजामाचा हाली शिक्का. घरात मराठी, पण कचेरीत उर्दू. आपल्याच शेताच्या कागदावर काय लिहिलंय, ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. सभा भरवायची तरी आधी परवानगी हवी. 1929 सालचं ‘गश्ती निशाण 53’ हे फर्मान त्यासाठीच काढलेलं.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते, त्यातले पाच मराठवाड्याचे: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे पुढं झाले.

(दृश्य: अंबाजोगाई, शाळेचं आवार.)

निजामाविरुद्धच्या लढ्याची सुरुवात बंदुकीनं नाही, शाळांतून झाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायचे, मग अंबाजोगाईला आले. संन्यास घेतल्यावर ते झाले स्वामी रामानंद तीर्थ. 1938मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि लगोलग तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणतात म्हणून कॉलेजच्या पोरांना काढून टाकलं. गाणं म्हटलं म्हणून शिक्षण बंद! त्यातली बरीच पोरं पुढं लढ्यात पुढारी झाली.

15 ऑगस्ट 1947ला स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्याच दिवशी ते तुरुंगात गेले. नोव्हेंबरात निजामानं भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार केला. नावाप्रमाणंच, खेड्यापाड्यात काही बदललं नाही. उलट रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांचा, जोर वाढला. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा. गावं लुटली जाऊ लागली, तशी माणसं गुरंढोरं घेऊन सरहद्दीपलीकडं जाऊ लागली.

सरहद्दीच्या अंगाला कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. तिथून रात्री निघायचं, नाक्यावर हल्ला करायचा, पहाटेच्या आत परतायचं. 30 जानेवारी 1948ला नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. उमरीच्या लुटीतली धाडसाची बाजू सगळे रंगवून सांगतात. मला मात्र तिची पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते: त्या पैशाचा नंतर चोख हिशेब दिला गेला.

ही हिंदू-मुसलमानांची लढाई होती असं कुणी म्हणालं, तर त्याला शोएबुल्ला खान हे नाव सांगावं. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे ते संपादक. रझाकारांविरुद्ध लिहायचे. ऑगस्ट 1948मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांना ठार मारलं.

(दृश्य: पुन्हा नळदुर्गचा पूल. खाली पाणी.)

13 सप्टेंबर 1948. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालच्या फौजा सोलापूरकडून शिरल्या. हा पूल पहिल्याच दिवशी हातात आला. 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत काम आटोपलं, पण 15 ऑगस्ट 1947पासून मोजलं तर 399 दिवस गेले होते.

त्यानंतरचे आठवडे भाषणांत सहसा येत नाहीत. रझाकारांच्या पापाचा वचपा साध्या मुसलमान शेतकऱ्यांवर, विणकरांवर काढला गेला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत फार माणसं मारली गेली. सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिचा अहवाल कित्येक दशकं कपाटातच राहिला. आणि निजाम? 26 जानेवारी 1950ला तोच हैदराबादचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा राज्याचा प्रमुख झाला. निजामाच्या फौजेसमोर उभ्या ठाकलेल्या गावकऱ्याला हे कसं समजावून सांगायचं, कोण जाणे.

(दृश्य: 17 सप्टेंबर, जिल्हा परिषदेची शाळा. झेंड्याला दोरी बांधणारी मुलं.)

मराठवाड्यातल्या पोरांना 15 ऑगस्टला आणि पुन्हा 17 सप्टेंबरला कडक इस्त्रीचा गणवेश घालावा लागतो. संभाजीनगरात मुख्यमंत्री झेंडा फडकवतात. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव आहे, आणि ते स्थापन झालं तेही 1994च्या 17 सप्टेंबरलाच.

सरकारी कागदावर हा ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. पारावर मात्र अजून ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, आणि त्याआधीच्या काळाला ‘रजाकारी’.

(दृश्य: ओसरीवर बसलेली आजी.)

आधार कार्डावर आजीची जन्मतारीख 1 जून आहे, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची असते तशी. खरं वय विचारलं की ती बोटं मोजत नाही.

“रजाकारीत मी रांगत होते,” म्हणते. “मायनं मला ज्वारीच्या कणग्यात लपवलं होतं.”