७५ अंश पूर्व : अमळनेरच्या दक्षिणेचं आकाश

[दृश्य : अमळनेर, बोरीकाठ. गच्चीवरून दिसणारं दुपारचं आकाश.]

दक्षिणेकडे तोंड करा, उजवीकडे जेमतेम तीन अंश वळा आणि नजर ६५ अंश वर न्या. डोळ्यांना काही दिसणार नाही. पण नौदलाच्या जीसॅट-७ या दळणवळण उपग्रहाची, म्हणजे ‘रुक्मिणी’ची जागा तीच, विषुववृत्ताच्या वर, ७४ अंश पूर्व रेखांशावर. ३० ऑगस्ट २०१३ ला फ्रेंच गयानातून तो सोडला. इथून अंतर सुमारे ३६,२८० किलोमीटर. जहाजाचा संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो.

[दृश्य : नकाशा. धुळे, अमळनेर, जळगाव.]

अमळनेरचं रेखांश ७५ च्या किंचित पुढे. पृथ्वीचं विषुववृत्त नेमकं गोल नाही, जरा लंबगोल आहे. त्यामुळे भूस्थिर कक्षेत, म्हणजे उपग्रह पृथ्वीबरोबर फिरून आकाशात एकाच जागी दिसतो त्या कक्षेत, आपोआप स्थिर राहण्याच्या जागा दोनच : १०५ अंश पश्चिम आणि ७५ अंश पूर्व. परातीतली गोटी जशी मधल्या खोलगट भागाकडे येते, तसे उपग्रह या जागांकडे ओढले जातात. रुक्मिणी खोलगटाच्या अगदी जवळ, म्हणून पूर्व-पश्चिम सावरायला इंधन थोडंच लागतं. हवाई दलाचा जीसॅट-७ए ६३ अंशांवरचा. तो पूर्वेला सरकू पाहतो, त्याला पुन्हापुन्हा जागेवर आणावं लागतं.

खरं इंधन खातात ते चंद्र आणि सूर्य. त्यांच्या ओढीने कक्षा वर्षाला पाऊण ते एक अंश कलते. ती सरळ ठेवायला दरवर्षी सेकंदाला सुमारे ५० मीटरचा वेगबदल द्यावा लागतो. उपग्रहाचं आयुष्य ठरतं ते बहुतेक इथेच.

[दृश्य : डिशवर पडलेलं ऊन.]

११-१२ मार्चच्या आसपास, दुपारी पाऊणच्या सुमाराला, सूर्य ७४ अंशांच्या नेमका मागे येतो. डिशमध्ये त्याचा रेडिओ-गोंगाट शिरतो आणि संदेश काही मिनिटं बुडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा तेच, साडेबाराच्या जरा आधी. अशा वेळी डिश मुळीच हलवू नका. सूर्य पुढे सरकला की सिग्नल आपोआप परततो. वेळ आधी गणिताने काढता येते, म्हणून महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या उपग्रहावर वळवून ठेवायचं.

[दृश्य : कक्षेचं रेखाचित्र.]

खोलगटाचा तोटाही आहे. ६३ अंशांवर एखादा उपग्रह बंद पडला, तर तो पूर्वेला सरकत ८७ च्या आसपास जातो आणि परत फिरतो. एका झोक्याला दोन वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि ७४ अंश जाता-येता वाटेत लागतोच, म्हणजे तिथल्या उपग्रहाला धडकेचा धोका. म्हणून शेवटचं इंधन राखून, उपग्रह निकामी होण्याआधीच, त्याला सुमारे ३०० किलोमीटर वर ढकलायचं असतं.