आधी उंची मोजा, मग तिकीट काढा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. एका अंगाला मुलीच्या, दुसऱ्या अंगाला मुलाच्या. दर वाढदिवसाला पाठ टेकवून उभं राहायचं, डोक्यावर वही आडवी धरायची आणि रेघ ओढायची. गेल्या वर्षी आम्ही रत्नागिरीहून कोचीला, वंडरला नावाच्या मनोरंजन उद्यानात जायचं ठरवलं, तेव्हा बेताची सुरुवात त्या रेघांपासून केली. आज त्या बेताबद्दलच बोलणार आहे. ज्या गावची भाषा येत नाही, वाटा ठाऊक नाहीत, तिथे लहानथोरांना घेऊन जायचं म्हटलं की पोटात गोळा येतोच, आणि तुमच्यापैकी कुणी यंदा असाच विचार करत असेल.

रेघांपासून का, ते सांगते. त्याआधी दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका उद्यानात गेलो होतो. एका मोठ्या राइडसाठी पाऊण तास रांगेत उभे राहिलो. नंबर आला, आणि तिथल्या माणसाने आमच्या धाकट्याला उंचीच्या पट्टीपाशी उभं केलं. तो टाचा उचलून उभा राहिला. माणसाने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवायला लावल्या आणि मान हलवली. ताई आत गेली, हा माझा हात धरून रांगेच्या उलट्या दिशेने सगळ्यांच्या नजरेसमोरून बाहेर आला. रडला नाही. पण दिवसभर त्याने दुसरं काहीच मागितलं नाही, आणि ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. वेगाने फिरणाऱ्या, उलटं करणाऱ्या राइडमध्ये अंगावर जो दांडा किंवा खांद्यांवरून जी चौकट येते, ती ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. मूल लहान असेल तर ती त्याला नीट धरून ठेवत नाही, मूल सीटवरून निसटू शकतं. अट त्यासाठी असते, तिथे विनवण्या करू नयेत. चूक आमची होती. तो आकडा आम्ही घरी, चौकटीपाशी त्याला सांगायला हवा होता.

म्हणून या वेळी मुलगी 146 सेंटिमीटर, मुलगा 124, असं कागदावर लिहिलं. अनवाणी मोजलेलं बरं. मग वंडरलाच्या संकेतस्थळावरची राइडची माहिती उघडली आणि मुलालाच वाचायला बसवलं. मोठ्या थरारक राइडना 140 सेंटिमीटरच्या आसपासची अट असते. त्याच्या लक्षात आलं की यातल्या आपल्याला मिळणार नाहीत. थोडा वेळ गप्प बसला, मग स्वतःच्या वहीत त्याला चालणाऱ्या राइडची यादी करू लागला. शेवटी ती ताईच्या यादीपेक्षा लांब झाली. ताई मोठ्या राइडच्या रांगेत असेल तेव्हा आपण आणि बाबांनी काय करायचं, हेही त्यानेच लिहिलं. तिथे मुलांचं तिकीटही उंचीवरून ठरतं, हे विसरू नका. रेल्वेत मात्र वय बघतात. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. रात्रभराच्या प्रवासात आठ वर्षांच्या मुलाला आपल्या बर्थवर निजवून कुणाचीच झोप होत नाही. पूर्ण भाडं भरा, असं मी म्हणेन.

आता रेल्वेचं. आपल्याकडून कोचीला जायचं तर कोकण रेल्वे आहे, मुंबईहून तिरुअनंतपुरमला जाणारी नेत्रावती आहे, दिल्लीहून एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्याच स्टेशनला जाणारी मंगला आहे. रत्नागिरीहून हजारएक किलोमीटरचं अंतर, एक अख्खी रात्र गाडीत. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं आहे. पंचांग उघडून बसा, म्हणजे गंमत दिसेल. भाऊबीज करून दोन दिवसांनी निघायचं, तर 60 दिवस मागे मोजल्यावर येते हरितालिका! म्हणजे ज्या दिवशी घरात मखर, पत्री, मोदकांचं सामान आणि मुंबईहून आलेली माणसं यांची झुंबड असते, त्याच सकाळी आठ वाजता आरक्षण उघडतं. कोकणातल्या घरात त्या दिवशी असलं काही सुचत नाही. आम्ही ते काम आधीच नेमून दिलं होतं, मुलीने आठच्या ठोक्याला बसायचं, बाकी कुणी तिला हाक मारायची नाही. मंगलाने जाणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. ही गाडी आदल्या दिवशी दिल्लीहून सुटलेली असते आणि दिवस तिच्या सुटण्याच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून तुमचं आरक्षण एक दिवस आधीच उघडतं. परतीचं तिकीट त्याच आठवड्यात काढा. आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये सुरू होतं आणि ऑक्टोबरात कधीतरी संपतं, तारखा दरवर्षी बदलतात. तुमची गाडी कुठल्या वेळापत्रकात येते ते पाहून ठेवा, काही गाड्यांच्या वेळा दोन्हींत बऱ्याच वेगळ्या असतात.

दिवाळीनंतरचेच दिवस का निवडले, त्याला कारण आहे. केरळात मोठा सण ओणम. दिवाळी तिथे आपल्यासारखी होत नाही, शाळांना आपल्यासारखी लांब सुट्टी नसते. आपली मुलं मोकळी असतात आणि तिथली मुलं वर्गात. शनिवार-रविवार टाळला तर रांगा आटोक्यात राहतात. शाळांच्या सहली येतात, ते धरून चाला. याउलट एप्रिल-मेमध्ये दोन्ही राज्यांची मुलं मोकळी असतात, ऊनही तेव्हाच.

पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला एक अडचण आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला पाऊस तेव्हा संपलेला असतो, केरळचा नाही. तिथे या दिवसांत परतीचा, ईशान्येकडून येणारा पाऊस असतो, त्याला ते तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख, दुपार कलली की ढग, आणि मग विजांसह सर. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या, उंचावरच्या राइड थांबवतात, आणि थांबवायलाच हव्यात. म्हणून आम्ही क्रम असा लावला की दार उघडल्याबरोबर उंचावरच्या कोरड्या राइड, पोटात अन्न नसताना. मग पाण्यातल्या. छताखालच्या गोष्टी संध्याकाळसाठी राखलेल्या. सर साडेतीनला आली तेव्हा मुलगी तिच्या यादीतल्या शेवटच्या मोठ्या राइडवरून उतरून अर्धा तास झाला होता.

या उद्यानाचं मूळ नाव वीगालँड. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या व्ही-गार्डचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी 2000 साली पल्लिक्करा गावच्या टेकडीवर ते सुरू केलं. पुढे 2005 मध्ये बंगळूरजवळ दुसरं उद्यान काढलं, तेव्हा वंडरला हे नाव आलं, आणि नंतर कोचीच्या उद्यानालाही तेच मिळालं. आमच्या रिक्षावाल्या दादाने मात्र वीगालँड म्हणूनच मान डोलावली. टेकडी आहे हे ध्यानात घ्या, म्हणजे चढउतार आला. आमच्याबरोबर माझ्या सासूबाई होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, मधुमेह असलेल्या. त्यांना घरी ठेवून जायचं मला पटत नव्हतं आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवणंही पटत नव्हतं. त्यांच्यासाठी आम्ही वेगळा बेत केला. सकाळी त्या मुक्कामाच्या ठिकाणीच राहिल्या, माझे यजमान दुपारी जाऊन त्यांना घेऊन येणार होते. त्यावर त्या म्हणाल्या, "मला तुमच्या चक्रांत काय बघायचंय? नातवंडं घरी आल्यावर सांगतील ते ऐकीन." मग यजमान दुपारी परत जाऊन त्यांच्याजवळ थांबले. यजमानांच्या मानेला स्पाँडिलायटिस आहे, झटके देणाऱ्या राइड त्यांनाही वर्ज्यच. मान, पाठ, हृदय, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तिथल्या सूचना उंचीइतक्याच गांभीर्याने घ्याव्यात.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. पाण्यातल्या राइडना सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनसारखे पोहण्याचे कपडे लागतात. ओढणी, साडीचा पदर हे चाकांच्या जवळ धोक्याचं. कपडे इथूनच नेले तर पैसे वाचतात. खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत. कुणाला औषधं असतील तर चिठ्ठीसह जवळ ठेवा आणि जेवणाची वेळ चुकवू नका.

मूल हरवलं तर काय, हा विचार मला रात्री झोपू देत नव्हता. आमचा मुलगा मराठी बोलतो, हिंदी अडखळत, इंग्रजी शाळेपुरतं. पाण्यात मोबाइल नसतो. आम्ही त्याच्या मनगटावर मार्करने दोघांचे नंबर लिहिले, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि आत शिरल्याशिरल्या भेटायची एक जागा त्याला दाखवली, दोनदा तिथपर्यंत एकट्याला चालवलं. काही मल्याळम शब्दही पाठ केले. चेट्टा म्हणजे दादा, चेची म्हणजे ताई, वेळ्ळम म्हणजे पाणी, एत्रा म्हणजे किती, मदी म्हणजे पुरे. अनोळखी माणसाला दादा, ताई म्हणून हाक मारली की तो वळून बघतोच, हे आपल्याकडेही खरं आहे आणि तिथेही. तिथल्या खानावळीत प्यायला गुलाबीसर कोमट पाणी येतं, पतिमुखम नावाच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं. मुलांना ते सरबत वाटलं. जाडा तांबूस भात आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला उकडा!" आणि त्यांचा जेवणाचा प्रश्न सुटला.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. पोचल्या दिवशी उद्यानात जाऊ नका आणि उद्यानाच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसू नका. मधला एक दिवस रिकामा ठेवा. पोचल्या दिवशी आम्ही नुसते वॉटर मेट्रोत बसलो. कोचीत एप्रिल 2023 पासून बॅटरीवर चालणाऱ्या या बोटी आहेत. त्यातली एक वाट वायट्टिलाहून काक्कनाडला जाते, आणि काक्कनाडवरून पल्लिक्करा रिक्षाने जवळ. म्हणजे दुसऱ्या दिवशीची वाट आदल्या संध्याकाळी पाहून झाली, तीही खाडीवरून, वाऱ्यात.

रिकाम्या दिवशी आम्ही मट्टांचेरीला गेलो, चेरलाई भागात. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिरुमल देवस्वमचं मोठं मंदिर आहे. देवळाबाहेर एक बाई दुसरीला काहीतरी सांगत होती. सासूबाई थबकल्या. ती कोंकणी होती, थोडी वेगळ्या वळणाची, पण समजणारी. सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं. त्यांनी मालवणीत विचारलं, ती कोंकणीत उत्तरली. हजार किलोमीटरवर, देवळाच्या पायरीवर दोघी अर्धा तास बसल्या. माशांचे भाव, सुनांच्या नोकऱ्या, फणस, सगळं झालं. मुलं शेजारी बसून ऐकत होती. परतीच्या गाडीत मुलगा राइडचं सांगत होता आणि त्या या बाईंचं, दोघंही एकाच वेळी, दोघंही तितक्याच मोठ्याने, थेट कारवार येईपर्यंत.

नमस्कार.