शेवाळ संपल्यावर त्याने खायचं काय?

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी लाईव्ह रॉकवर, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या जिवंत खडकांवर बोललो तेव्हा शेवटी निम्म्या लोकांचा प्रश्न एकच होता, टँकमध्ये हेअर अल्गी, म्हणजे केसांसारखं शेवाळ माजलंय, कुठला मासा आणू? म्हणून आज रॅबिटफिश. त्यातही फॉक्सफेस, पिवळाधमक, पांढऱ्या चेहऱ्यावर काळा पट्टा, आणि सशासारखं पुढे आलेलं बारकं तोंड.

सिगॅनस म्हणजे याचं कूळ, तीसेक जाती आहेत. दुबईला राहून आलेल्यांनी याचा भाऊबंद खाल्लाही असेल, तिथे साफी म्हणून जो मासा मिळतो तो रॅबिटफिशच. आता यांची भूक बघा. १८६९ साली सुएझ कालवा सुरू झाला, त्या वाटेने यातल्या दोन जाती तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात शिरल्या, आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर त्यांनी पाण्याखालचे खडकच्या खडक बोडके करून टाकलेत. तिथे आपल्या चार फुटी टँकचं काय घेऊन बसलात!

माझंच सांगतो. पहिला फॉक्सफेस आणला तेव्हा दिवसभर खुर्ची टाकून बसलो होतो समोर. तो खडकावर तिरका होतो, एक झुपका धरतो, मानेला हिसका दिल्यासारखं करून तोडतो, पुढे सरकतो, परत तेच, थांबणं नाहीच. बारा दिवसांत खडक साफ. मी खुश, येईल त्याला दाखवतोय. आणि दीड महिन्याने लक्षात आलं की कल्ल्यामागे पोट आत गेलंय आणि साहेब झोअँथिड (प्रवाळासारखे छोटे, फुलांसारखे जीव) कुरतडायला लागलेत. मी दिवसातून एकदा चिमूटभर पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याच्या गोळ्या टाकत होतो, बास. दिवसभर चरणाऱ्या जनावराला एक वेळचा घास! चूक माझी होती, माशाची नाही. तेव्हा तो आणायच्या आधी नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचे वाळवलेले पापुद्रे आणून ठेवा, सुशीची चालते, फक्त तेल-मीठ-मसाला लावलेली नको. नवीन मासा काचेवर लावलेल्या क्लिपमधली नोरी ओळखत नाही कधीकधी, मग रबरबँडने दगडाला बांधून ठेवा, दगडावरचं त्याला कळतं.

दुसरं म्हणजे शेवाळ त्याच्या पोटात गेलं म्हणजे टँकमधून गेलं असं नाही हो. त्याची विष्ठा त्याच पाण्यात पडते, नायट्रेट-फॉस्फेट तिथेच राहतं, म्हणून स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), आरओचं गाळलेलं पाणी, पाणी बदलणं यातलं काहीच सुटत नाही. निळसर चिकट सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) थर तर तो सहसा खातच नाही. आणि दोन फुटी टँकवाल्यांनी प्लीज आणू नका, हा नऊ-साडेनऊ इंचांपर्यंत जातो, चारशे लिटरच्या खाली त्याचे हाल होतात.

आता काटे. पाठीवर १३, खाली गुदपराला ७, आणि पोटाच्या दोन्ही परांना दोन-दोन, सगळे विषारी. तो अंगावर येत नाही, पण घाबरला की काटे उभारतो. मला अंगठ्याला लागला तो जाळीतून काढताना, कोपरापर्यंत ठणका. चटका बसणार नाही इतपत गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्याने उतरतं, पण श्वासाचा त्रास झाला किंवा सूज वाढत गेली तर सरळ डॉक्टर. जाळी वापरूच नका, प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्या. आणि रात्री अचानक लाईट लावलात तर तो तपकिरी, डागाळलेला, दगडाला टेकलेला दिसेल. घरात रडारड झालीय माझ्याकडे यावरून. मेलेला नसतो, तो त्याचा रात्रीचा रंग आहे.

एक गोष्ट मला फार आवडते. ग्रेट बॅरियर रीफवर संशोधकांनी यांच्या जोड्या पाहिल्या, २०१५ मध्ये ते छापून आलं. एक मासा खडकाच्या फटीत तोंड खुपसून खातो तेव्हा दुसरा वर थांबून पहारा देतो, मग अदलाबदल. आपल्या टँकमधला बिचारा एकटा, त्याच्यासाठी पहाऱ्याला कोणी नाही. कुठलेही दोन आणून जोडी जमत नाही, मारामारीच होते बऱ्याचदा, त्यामुळे एकच ठेवा, पण त्याला मावेल अशी एक गुहा रचून द्या आणि सुरुवातीला काचेवर टकटक, मोबाईलचा फ्लॅश काही नको. माझ्याकडच्याला रुळायला तीन आठवडे लागले. आता नोरीचं पाकीट फाडल्याचा आवाज झाला की तोच आधी काचेपाशी येऊन थांबतो.