फौज गेल्यावर पगार कोण देणार?

परकीय फौजेला एखादं सरकार पाडता येतं का, यावर वेळ घालवायला नको. येतं, आणि झटपट येतं. इराकवर २० मार्च २००३ ला हल्ला झाला, ९ एप्रिलला बगदाद पडलं. अफगाणिस्तानात ७ ऑक्टोबर २००१ ला बॉम्बफेक सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर काबूल तालिबानच्या हातून गेलं. अडचण पुढे सुरू होते. मागे बसवलेलं सरकार टिकेल का, हे जोखायला बहुतेक जण निवडणुका आणि राज्यघटना बघतात. माझ्या मते आधी हजेरीपट बघावा. शिपायाचा पगार कुणाच्या तिजोरीतून निघतो आणि कुणाकुणाच्या हातांतून त्याच्यापर्यंत पोचतो, यावरून पुष्कळ कळतं.

वर्दक हा काबूलला लागून असलेला प्रांत. तिथे २००९ मध्ये पन्नासेक पोलिसांना रोख पगाराऐवजी मोबाइल फोनवरून पैसे द्यायचा प्रयोग झाला. पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा काहींना वाटलं, तीसेक टक्के पगारवाढ झाली. वाढ वगैरे काही झाली नव्हती. तोवर मधले अधिकारी आपापला वाटा कापून उरलेलं खाली सोडत होते. पूर्ण पगार पहिल्यांदाच हातात पडला होता. एका कमांडरनं तर शिपायांचे फोन स्वतःच्या ताब्यात मागितले.

कापाकापीच्या पुढची पायरी कागदी शिपायांची. समजा, तुकडीत शंभर नावं आहेत आणि हजर आहेत साठ. हजेरीपटावर सही कमांडरची. चाळीस जणांचा पगार त्याच्या खिशात जातो, म्हणून पळून गेलेल्यांची नावं तो खोडत नाही आणि नवी भरतीही करत नाही. धान्य, डिझेल, काडतुसं शंभर जणांची उचलली जातात. उरलेला माल बाजारात जातो. वर मंत्रालयात नकाशावर 'शंभर' असा आकडा लागतो आणि त्याच हिशेबानं चौकी राखायची योजना ठरते. हल्ला झाला की तिथे साठ थकलेली माणसं असतात, त्यांतल्या काहींना महिनोन्‌महिने पगार नसतो. जून २०१४ मध्ये इराकमधलं मोसुल शहर काही दिवसांत पडलं, ते अशाच सैन्यानं गमावलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इराकचे पंतप्रधान हैदर अल अबादी यांनी संसदेत सांगितलं की पन्नास हजार कागदी सैनिक सापडले आहेत, तेही फक्त चार डिव्हिजनमध्ये.

भ्रष्टाचार सगळीकडेच असतो, असं कुणी म्हणेल. असतो. पण पैसा परका असला की चोरी पकडण्यात कुणाचाच स्वार्थ उरत नाही. अफगाण सरकारच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भार देणगीदार देश उचलत होते. करदात्याला जाब द्यायचा नाही, त्यामुळे सरकारचं तोंड कायम देणगीदारांकडे. देणगीदाराला आपल्या संसदेत सैन्यसंख्येचा चढता आलेख दाखवायचा असतो. मग खोटा आकडा दोघांनाही सोयीचा ठरतो.

यंत्रसामग्रीचंही तेच. अफगाण हवाई दलाकडची रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरं तिथले मेकॅनिक बऱ्याच अंशी स्वतः दुरुस्त करत. त्यांच्या जागी अमेरिकन ब्लॅक हॉक आणायचं ठरलं, आणि देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे गेली. २०२१ मध्ये कंत्राटदार निघाले, विमानं आणि हेलिकॉप्टरं जमिनीवर बसू लागली, वेढल्या गेलेल्या चौक्यांना रसद आणि जखमींना वाट मिळेना. १५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले, तेव्हा काबूल विमानतळावर अमेरिकन सैनिक अजून होतेच.

सोव्हिएत पाठिंब्यावरचे अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला यांचं उदाहरण याच्या शेजारी ठेवा. सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ ला बाहेर पडली. काही महिन्यांतच काबूल पडेल, असा बहुतेकांचा अंदाज होता. त्याच वसंतात नजीबुल्लांच्या सैन्यानं जलालाबाद शहर राखलं आणि सरकार तीन वर्षं टिकलं. परकी फौज नव्हती, पण पैसा, इंधन आणि धान्य येत होतं. त्यातून ते दोस्तमसारख्या टोळीप्रमुखांना सांभाळून होते. सोव्हिएत संघ विसर्जित झाला, मदत थांबली, दोस्तम उलटला आणि एप्रिल १९९२ मध्ये सगळं संपलं.

यादीत कोण आहे इतकंच यादीतून कोण गेलं हेही महत्त्वाचं. बगदादमधल्या हंगामी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी १६ मे २००३ ला पहिला आदेश काढून सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणीतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं. त्यात हजारो शिक्षकही गेले. २३ मेच्या दुसऱ्या आदेशानं सैन्यच बरखास्त. शस्त्र चालवता येणारे काही लाख लोक एका कागदानं बेरोजगार झाले. निवृत्तिवेतनाचा विचार मागाहून सुचला. जपानचा दाखला नेहमी दिला जातो, पण तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांनी कारभार जपानी मंत्रालयांमार्फतच चालवला. सुमारे दोन लाख लोकांवर पदबंदी आली तरी मुलकी नोकरशाही मोठ्या प्रमाणात जागेवर राहिली. करवसुली, नोंदणी कार्यालयं, शिकलेला कारकूनवर्ग हे सगळं आधीपासून होतं. जर्मनीचंही साधारण तसंच. हे दोन देश पुन्हा उभे राहिले; शून्यातून कुणी घडवले नाहीत.

उलटा धोकाही आहे. निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अमेरिकन मरीन सैनिकांनी शिस्तबद्ध, वेळेवर पगार मिळणारं राष्ट्रीय रक्षक दल उभं केलं. आसपास तेवढी भक्कम दुसरी संस्थाच नव्हती. मरीन गेल्यावर त्या दलाचे प्रमुखच देशाचे मालक झाले: डॉमिनिकन रिपब्लिकचा त्रुहियो १९३० मध्ये, निकाराग्वाचा सोमोसा १९३७ मध्ये. त्रुहियो १९६१ मध्ये मारला जाईपर्यंत सत्ता सोडायला तयार नव्हता, सोमोसा घराणं १९७९ पर्यंत टिकलं. स्थैर्य म्हणायचं तर हेही स्थैर्यच.

जमलं कुठे? सिएरा लिओनमध्ये बऱ्यापैकी. यादवी चालू असताना मे २००० मध्ये ब्रिटिश सैनिक उतरले तेव्हा कब्बा हे १९९६ ला निवडून आलेले अध्यक्ष होते, म्हणजे सरकार बाहेरून आणावं लागलं नाही. संयुक्त राष्ट्रांची मोठी फौज सोबत होती, सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांची शस्त्रं जमा झाली आणि सैन्य घडवणारं ब्रिटिश नेतृत्वाखालचं पथक पुढे दहा-बारा वर्षं राहिलं. २००७ ला मतपेटीतून सत्ता विरोधकांकडे गेली.

पूर्व तिमोरची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९९९ ला आंतरराष्ट्रीय फौज आली, २० मे २००२ ला स्वातंत्र्य मिळालं, फौजा आटोपत्या घेतल्या. २००६ च्या सुरुवातीला जेमतेम पंधराशेच्या सैन्यातल्या सहाशे जणांनी बढतीत देशाच्या पश्चिम भागातल्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार केली. मार्चमध्ये त्यांना सरसकट काढून टाकलं. मेपर्यंत राजधानी डिलीत पोलीस आणि सैन्य एकमेकांवर गोळ्या झाडत होते आणि ऑस्ट्रेलियन सैनिक पुन्हा बोलवावे लागले. प्रकरण मिटलं ते २००८ मध्ये, या सैनिकांना प्रत्येकी सुमारे आठ हजार डॉलर देऊन. पैसा तिमोरच्याच तिजोरीतला होता. तेल-वायूच्या उत्पन्नाचा निधी त्यांनी २००५ लाच स्थापन केला होता. संयुक्त राष्ट्रांचं पथक २०१२ अखेर परतलं, आणि तेव्हापासून परकी फौज पुन्हा बोलवायची वेळ आलेली नाही.