नोविकच्या डेकवरचे रूळ

[जुनं छायाचित्र: नोविक, चार धुरांडी]

ही नोविक. विनाशिका रशियन आरमाराची, पण पैसा लोकवर्गणीचा. १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटलं, तेव्हा आरमारासाठी देणग्या गोळा करणारी एक समिती निघाली. युद्ध हरलं तरी समितीकडे पैसे उरले होते, त्यातून हे जहाज आलं. १९१० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या पुतिलोव कारखान्यात काम सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ती पाण्यात उतरली.

[आराखडा: उभा छेद]

लांबी १०२ मीटर, रुंदी जेमतेम साडेनऊ. पोटात सहा बॉयलर, तीन टर्बाइन. कोळसा नाहीच, सगळं तेलावर. फावड्यांनी भट्टी भरायची नसल्यामुळे वाफ झटपट वाढवता यायची. करार ३६ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेगाचा होता, पण सुरुवातीच्या चाचण्यांत तो आकडा काही गाठला जाईना, कारण बॉयलरमधून पुरेशी वाफच मिळत नव्हती. शेवटी जहाज जर्मनीत श्टेटिनच्या व्हल्कान कारखान्यात नेलं, बॉयलरांचा तापणारा पृष्ठभाग वाढवून घेतला, आणि १९१३ मध्ये नोंद झाली ३७.३ नॉटची. पुढच्याच वर्षी याच जर्मनीशी युद्ध.

चार तोफा १०२ मिलिमीटरच्या, आठ नळ्या पाणतीरांच्या, म्हणजे टॉर्पेडोंच्या. नोविकवर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. आता डेककडे बघा.

[डेकचा नकाशा; कॅमेरा शेपटाकडे सरकतो]

दोन्ही बाजूंना रूळ आहेत. त्यावरून पाणसुरुंग मागे ढकलायचे, साठपर्यंत. एकेकाचं वजन नांगरासकट सहाशे किलोच्या आसपास, म्हणजे छत्तीसेक टनांचा बोजा थेट वरच्या डेकवर. इतकं ओझं वर असलं की जहाज जास्त डोलतं आणि वळताना जपावं लागतं.

[संग्रहालयातला सुरुंग, जवळून]

हा १९०८ सालचा नमुना. गोळ्यात ११५ किलो टीएनटी हे स्फोटक, वर शिशाची पाच शिंगं. शिंगात काचेची नळी, नळीत द्रव. जहाज घासलं की शिसं वाकतं, काच फुटते, द्रव खालच्या पट्ट्यांवर पडून वीज तयार होते आणि स्फोट होतो. सुरुंग पाण्यात पडताक्षणी जिवंत होऊ नये म्हणून आत साखरेचा तुकडा असतो. तो विरघळेपर्यंत जहाज लांब गेलेलं असतं.

[रेखाचित्र, टप्प्याटप्प्याने]

गोळा खालच्या चाकांच्या पेटीवर बसतो. ती पेटी म्हणजेच नांगर. पेटीपासून दोरीने एक वजन लोंबतं. सुरुंग तीन मीटर खोल हवा, तर ही दोरी तीन मीटरची. पाण्यात पडल्यावर गोळा तरंगत राहतो, पेटी बुडत जाते आणि पेटीतल्या रिळावरून तार सुटत राहते. वजन तळाला टेकलं की दोरी सैल पडते, रीळ अडकतं, तार थांबते. पेटी मात्र आणखी तीन मीटर खाली जाते आणि गोळ्याला तेवढंच आत ओढून घेते. समुद्राची खोली आधी मोजायची गरजच नाही!

फसतं कुठे? वजन एखाद्या खडकावर टेकलं आणि पेटी शेजारच्या खळग्यात गेली, तर सुरुंग जास्त खोल जातो, वरून जहाजं सुखरूप निघून जातात. दोरी गुंतली, तर रीळ वेळेवर अडकत नाही. वादळात किंवा बर्फात तार तुटली, की गोळा मोकाट. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाही, म्हणून लावलेली खोली तरी टिकते.

[शेपूट, रुळांचं टोक]

वेग ठरलेला, हातात घड्याळ. बारा नॉट म्हणजे सेकंदाला सहा मीटरांहून थोडं जास्त. साठ मीटरांवर एक सुरुंग हवा, तर दर दहा सेकंदांनी एक, डावीकडून एक, उजवीकडून एक. दहा मिनिटांत साडेतीन किलोमीटरची रांग. यापेक्षा जवळ टाकले, तर एकाच्या स्फोटात शेजारचाही जाण्याची भीती.

[नकाशा: रिगाचं आखात, फिनलंडचं आखात]

१७ ऑगस्ट १९१५ ला नोविकच्या तोफांनी पिटाळलेली जर्मन विनाशिका व्ही-९९ सुरुंगांत शिरली आणि गेली. नोव्हेंबर १९१६ च्या एका रात्री फिनलंडच्या आखातात घुसलेल्या अकरा जर्मन विनाशिकांपैकी सात सुरुंगांनी बुडवल्या.

[नामांतरानंतरचं छायाचित्र]

नोविकच्या धर्तीवर काळ्या समुद्रासाठीही विनाशिका बांधल्या गेल्या; त्यांनी तुर्कस्तानातल्या बोस्फोरस सामुद्रधुनीच्या तोंडाशी सुरुंग पेरले. नोविकचं १९२६ मध्ये, सोव्हिएत राजवटीत, बोल्शेविक नेत्याच्या नावावरून याकोव स्वेर्दलोव असं नामांतर झालं. २८ ऑगस्ट १९४१ ला, जर्मन फौजांपुढे सोव्हिएत आरमार एस्टोनियातलं टालिन बंदर खाली करत असताना, ती सुरुंगावरच गेली.