११८ ते १२८ : चालू सेटमध्ये लय चढवताना

[दृश्य: डेकच्या (गाणं वाजवणाऱ्या यंत्राच्या) उजव्या कडेचा टेम्पो फेडर, म्हणजे लय कमी-जास्त करायची सरकपट्टी, अगदी जवळून. स्क्रीनवर आकडा ११८.००]

गोव्यातला डीजेचा उघड्यावरचा हाउस सेट, म्हणजे नाचाच्या गाण्यांचा सलग कार्यक्रम. रात्री १० वाजता लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, त्यामुळे आठला सुरुवात केली तर चढायला दोनच तास हातात राहतात. सुरुवात ११८ बीपीएमला (मिनिटाला ११८ ठोके), शेवट १२८ला. दोन तासांत वीस-बावीस गाणी होतात, म्हणजे एका गाण्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा बीपीएम येतो. एवढा फरक नाचणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येतं ते चाळीस मिनिटं लय जागची हलली नाही आणि मग घाईघाईने चार बीपीएम एकदम ढकलले, की.

फेडर हलवायचा तो एकच गाणं वाजत असताना. आधीचं गाणं पूर्ण बाहेर गेलं, पुढचं अजून हेडफोनमध्येच आहे, ही ती वेळ. १२० बीपीएमला चार ठोक्यांचा एक बार बरोबर दोन सेकंदांचा असतो. सोळा बार म्हणजे बत्तीस सेकंद, आणि तेवढ्यात एक बीपीएम ही निवांत चाल झाली. फेडरची लांबी साधारण दहा सेंटीमीटर आणि रेंज, म्हणजे लय किती बदलू शकते ती मर्यादा, ±१० टक्के धरली, तर एक बीपीएमसाठी बोट चार मिलिमीटरच सरकतं.

[दृश्य: अंगठा फेडरच्या कडेला टेकलेला, तर्जनी हळूच रेटते आहे. १२०.००, १२०.०६, १२०.१२]

फेडर चिमटीत धरून ओढला की तो धक्क्याधक्क्याने सरकतो. अंगठा डेकच्या पत्र्याला टेकवून नुसत्या तर्जनीने रेटला की हात स्थिर राहतो. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे गाण्याच्या शांत टप्प्यात, किक (बास ड्रमचा ठोका) थांबलेली असते, तिथं अख्खा एक बीपीएम चटकन उरकता येतो. मात्र मागे लांबलचक पॅड (सलग धरलेला सूर) किंवा गाणाऱ्याचा आवाज एकटाच असेल तर जपून, तिथं लयीबरोबर हलणारा सूर उघडा पडतो.

दोन गाणी एकमेकांवर असताना लय चढवायची म्हटलं, तर गणित आडवं येतं. समजा एक गाणं मूळ ११८चं, दुसरं मूळ १२६चं, आणि दोन्ही १२२ला जुळवली आहेत. आता दोन्ही फेडर दोन-दोन टक्के वर घेतले. पहिलं १२४.३६ला पोचतं, दुसरं १२४.५२ला. टक्के मूळ लयीवर मोजले जातात, म्हणून हा फरक. मिनिटभरात दोन किकमध्ये जवळजवळ ८० मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि ठेका घोड्याच्या टापांसारखा दुडदुडू लागतो. सिंक (दोन डेकची लय आपोआप जुळवणारी सोय) चालू असेल तर मास्टर डेकचाच, म्हणजे ज्याची लय दुसरा पाळतो त्याचाच, फेडर हलवायचा, दुसरं गाणं आपोआप मागे येतं. सिंक वापरण्यात कमीपणा काही नाही, कमीपणा ठेका सुटण्यात आहे.

पण सिंकचाही एक काटा आहे. सिंकने गाणं १२४वर नेलेलं असतं आणि त्या डेकचा फेडर मात्र शून्यावरच बसलेला असतो. सिंक काढून फेडरला बोट लावलं, की काही कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडायच्या डीजे यंत्रांवर) लय थेट फेडरच्या जागी उडी मारते. काहींवर फेडर त्या आकड्यावरून पलीकडे जाईपर्यंत काहीच घडत नाही. आपलं यंत्र यातलं काय करतं, ते घरी बघून ठेवायचं.

[दृश्य: सीडीजे या डीजे प्लेयरवरचं टेम्पो रेंजचं बटण]

सीडीजेवर ±६, ±१०, ±१६ आणि वाइड (सर्वांत मोठी) अशा रेंज असतात. ±६मध्ये १२०चं गाणं १२७.२च्या वर जात नाही. फेडर टोकाला टेकला म्हणून चालू गाण्यात रेंज बदलली, तर दाणकन आपटायला होतं. +५ टक्क्यांवर असलेला फेडर ±१०मध्ये तिथल्या तिथे +८.३ होतो, आणि १२६वर चाललेलं गाणं क्षणात १३०वर जातं. म्हणून रेंज गाणं लोड करायच्या आधीच ठरवावी. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या जुन्या टर्नटेबलवर ±८ टक्केच मिळतात आणि मधोमध खटका असतो. त्या खटक्याच्या आसपास बारीक फरक करणं जिकिरीचं, तेव्हा तिथून सरळ पार व्हावं.

सुराचंही भान हवं. मास्टर टेम्पो बंद असेल तर सहा टक्के वाढीला गाणं अर्धा स्वर चढतं, पेटीच्या भाषेत काळी एकचं पांढरी दोन होतं. मास्टर टेम्पो लावला की सूर जागेवर राहतो, पण ताण वाढला की हाय-हॅट (झांजेचा आवाज) पसरट आणि किक मऊ वाटू लागते. चार टक्क्यांच्या पुढे मोठ्या सिस्टिमवर हे ऐकू येतंच. यावर खरा उपाय गाण्यांच्या निवडीत आहे. लय १२४ला पोचली की मूळ १२४-१२५चंच गाणं घ्यावं, फेडर पुन्हा शून्याजवळ येतो आणि पुढे चढायला जागा मिळते.

जुनी हिंदी-मराठी गाणी हा वेगळाच मामला. वादक क्लिकशिवाय (कानात लय देणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजवायचे, त्यामुळे एकाच गाण्यात लय खालीवर होते. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये अशा गाण्याचं, बदलती लय टिपणारं डायनॅमिक अॅनालिसिस करून घ्यावं आणि सिंकमध्ये त्याला मास्टर कधीच करू नये, नाहीतर शेजारचं चांगलं गाणंही त्याच्याबरोबर डोलायला लागतं.

१२८हून थेट १७०च्या घरात जायचं, तर फेडर पुरणार नाही. मिक्सरवरचा रोल इफेक्ट (गाण्याचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाजवणारा) ३/४ला, म्हणजे पाऊण ठोक्याला लावला की १२८चा ठोका १७०.६७च्या चालीने पडू लागतो. त्यावर १७४चं ड्रम अँड बेस (वेगवान नाचाचं संगीत) १.९ टक्के उतरवून आणायचं, पहिली किक पडताच रोल सोडायचा आणि जुनं गाणं त्याच क्षणी कापायचं.

[दृश्य: पुढचा डीजे हेडफोन जोडतो]

डेक सोपवताना रिकाम्या डेकचा फेडर शून्यावर आणावा आणि रेंज किती, मास्टर टेम्पो चालू की बंद, हे पुढच्याला तोंडी सांगावं. वाजत्या डेकला हात लावायचा नाही. तिथला फेडर +४वर असेल तर +४वरच राहू द्यावा.