रविवारचा खाडा

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांची मुलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहेत, त्यांच्या कानावर घरात एक वाक्य हमखास पडत असेल : "प्रोजेक्ट झालाय, फक्त रिपोर्ट राहिलाय." सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय शिकवणारी बाई म्हणून सांगते, त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. प्रोजेक्ट त्याच्या लॅपटॉपवर चालतोय, एवढाच त्याचा अर्थ.

प्रोग्राम आपण लिहितो आणि बहुतेक वेळा आपणच चालवतो. सॉफ्टवेअर मात्र एकजण लिहितो, दुसरा वापरतो, तिसरा दुरुस्त करतो. आणि दुरुस्तीची वेळ येते तेव्हा लिहिणारा नोकरी बदलून गेलेला असतो. पुन्हा सांगते : लिहिणारा एक, वापरणारा दुसरा, दुरुस्त करणारा तिसरा. मला शिकवायचा असतो तो हा तिसरा माणूस.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे नाव रूढ झालं ते ऑक्टोबर १९६८मध्ये. जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या विज्ञान समितीनं परिषद भरवली होती. कामं वेळेत होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, ही रड तेव्हाही होती. आपल्याकडे मुलं ही परिषद पाठ करतात, वॉटरफॉलची, म्हणजे कामाचे टप्पे एकाखाली एक दाखवणारी, आकृती काढतात, जर्नल पूर्ण करतात. त्या जर्नलांबद्दल बोलायला मला वेगळा कार्यक्रम द्यावा लागेल! वीस वर्षांची धडधाकट पोरं रात्र रात्र जागून एकमेकांच्या फायली उतरवतात, आणि आम्ही त्यावर लाल पेनानं सह्या ठोकतो. असो.

मी काय करते, तर सत्राच्या मध्यावर गटांची अदलाबदल करते. एका गटाचा कोड दुसऱ्या गटाच्या गळ्यात. ही माझी कल्पना नाही. टोरांटो विद्यापीठात जिम हॉर्निंग आणि डेव्हिड वॉर्टमन या प्राध्यापकांनी १९७०च्या दशकात हाच खेळ मांडला होता. तिथे मुलांचे गट कंपन्या व्हायचे, एकमेकांकडून कोड विकत घ्यायचे आणि त्यात बदल करायचे. आमच्याकडे विकत देत नाही. फुकटच देतो, म्हणून शिव्याही जास्त.

आता किस्सा ऐका. कॉलेजजवळ एका काकूंची मेस आहे. महिन्याचे तीन हजार, दोन वेळचं जेवण. एका गटानं काकूंना खाड्यांचं ॲप करून द्यायचं ठरवलं. घर सोडून शिकलेल्या कुणालाही खाडा समजावून सांगायला नको. जेवायचं नसेल तर आदल्या रात्री कळवायचं, तेवढे पैसे बिलातून वजा. एका वेळचा खाडा अर्धा, दोन्ही वेळचा पूर्ण. पोरांनी झटपट कोड लिहिला, काकूंच्या भाचीच्या फोनवर चालवूनही दाखवला. सगळे खूश.

मग अदलाबदल झाली. नव्या गटातल्या एका मुलीला कोडमध्ये एक ओळ दिसली. 'डी जर शून्य असेल, तर के बरोबर एक.' बस, एवढंच. डी म्हणजे काय, के म्हणजे काय, कुठेही खुलासा नाही. तिनं विचार केला, डी म्हणजे डेट असणार. शून्य तारीख कुठल्याच महिन्यात नसते. म्हणजे ही ओळ फालतू. उडवली! आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'साफसफाई'.

महिनाअखेरीला बिलं निघाली. गावाकडचा एक मुलगा दर शनिवारी रात्री जेवून घरी जायचा तो सोमवारी सकाळी परत. त्याला बिल दोनशे रुपयांनी जास्त आलं. तो काकूंकडे गेला. काकूंनी जुनी वही काढली. लांबट वही, प्रत्येक मुलाचं एक पान, आणि रविवारच्या रकान्यात लाल शाईचं गोल. काकू म्हणाल्या, "अरे, रविवारी दुपारी एकच ताट असतं, गोडाचं. संध्याकाळी मेस बंद. मग दुपारचा खाडा पूर्ण दिवसाचाच झाला ना? तुमच्या मशीनला रविवार कळत नाही का?"

मशीनला कळत होता हो! ॲप ज्या भाषेत लिहिलं होतं, त्या जावास्क्रिप्टमध्ये वार मोजतात ते रविवारपासून, आणि रविवारचा आकडा शून्य. डी म्हणजे डेट नव्हे, डे. के म्हणजे खाडा, आणि एक म्हणजे पूर्ण. त्या एका ओळीत काकूंचा अख्खा रविवार बसला होता, आणि ती गेल्यावर चार रविवारांचे चार अर्धे खाडे, म्हणजे दोन दिवस, म्हणजे दोनशे रुपये बुडाले.

दोन्ही गट माझ्यासमोर भांडायला उभे. पहिला गट म्हणतो, "मॅडम, आम्हाला नियम माहीत होता!" मी विचारलं, "लिहिला कुठे?" तर एकजण मान खाली घालून म्हणतो, "काकूंनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवला होता." आणि तो मेसेज पाठवलेला कुणाला? टीम लीडरला. त्यानं मध्ये फोन बदलला होता!

शेवटी ओळ परत आली, पण नाव बदलून. डीच्या जागी 'वार', केच्या जागी 'खाडा'. सोबत एक चाचणी, म्हणजे कोड तपासणारा छोटासा कोड, लिहिली : रविवार दुपारचा खाडा पूर्ण धरला जातो का? यापुढे कुणी ती ओळ उडवली, तर चाचणी चालवताच लाल अक्षरं दिसतील. चाचणी म्हणजे काय हे मी स्लाइडवर वर्षानुवर्षं दाखवत आले. पण ती लिहायची कशासाठी, हे त्या दोनशे रुपयांनी शिकवलं.

हे मेसपुरतं नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट फ्रेंच गयानातून उडालं आणि जेमतेम चाळीसेक सेकंदांत भरकटून फुटलं. त्यात आधीच्या एरियन ४चा कोड तसाच उचलला होता. जुन्या रॉकेटचा आडवा वेग ज्या मर्यादेत राहायचा, ती नव्यानं ओलांडली. मोठा आकडा छोट्या जागेत मावला नाही. जुन्या रॉकेटसाठी तो कोड बरोबरच होता.

वेळ संपत आलाय, तेव्हा मार्कांचं सांगते, कारण पालक तेच विचारतात. ॲप चालतं याचे माझ्याकडे थोडेच मार्क आहेत. पुढच्या गटाला तुम्हाला फोन न करता किती कळलं, याचे जास्त. यावर मुलं कुरकुरतात. त्यांच्या मते हुशार मुलाचं नुकसान होतं. माझ्या मते ज्याचा कोड त्याच्याशिवाय कुणाला कळत नाही, तो अजून अर्धाच हुशार.

ते ॲप आता पुढच्या तुकडीकडे आलंय, आणि काकूंची मागणीही वाढलीय. एकादशीला निम्मी पोरं उपास करतात, त्या दिवशी पोळ्या कमी, साबुदाणा जास्त. ते ॲपनं आधीच सांगावं. एकादशी इंग्रजी तारखेवर येत नाही, म्हणजे पंचांग आलं. या तुकडीनं कोड उघडण्याआधी काकूंना गाठलं. "काकू, महिन्याच्या दोन्ही एकादशा, की फक्त आषाढी-कार्तिकी?" काकू म्हणाल्या, "आधी पोरांना विचारा, कोण कुठली धरतो ते." मुलं सध्या वही घेऊन ताटागणिक विचारत फिरतायत. नमस्कार.